वच्छलाबाईंनी फॉर्मॅट मारू दिला नाही

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात कोळसा निघतो, वीज तयार होते आणि ती दूरदूरच्या शहरांना उजळते. आमच्या पोंभुर्णा गावाच्या वाट्याला येते ती तिच्या जाण्याची वार्ता. या विषयावरील माझ्या तक्रारींना पोच मिळते, उत्तर मिळत नाही. अशीच एक नवी तक्रार टंकून घेण्यासाठी मी बाजारओळीतील वच्छलाबाईंच्या दुकानात बसलो होतो, आणि नेमकी तेव्हाच वीज गेली.

वच्छलाबाई पोस्टर आणि फलक तयार करून देतात. माहेर तलावावर मासेमारी करणाऱ्यांचे, शिक्षण बारावी. नम्रता हा त्यांचा गुण नव्हे; दुकानाच्या पाटीवर त्यांचे नाव दुकानाच्या नावापेक्षा मोठे आहे. त्यांच्या संगणकावरील चोरून टाकलेली प्रणाली वारंवार बंद पडू लागली, तेव्हा चंद्रपूरच्या एका वर्गात शिकून त्यांनी कोणालाही फुकट वापरता येणारी मुक्त प्रणाली बसवून घेतली. या प्रणालीत सॉफ्टवेअर शोधत संकेतस्थळे पालथी घालावी लागत नाहीत. तिच्यात एक पॅकेज व्यवस्थापक असतो. त्याला नाव सांगितले की तो इंटरनेटवरील भांडारातून ते सॉफ्टवेअर आणतो, आणि मंडईचे, म्हणजे आमच्याकडील गावजत्रेचे, आमंत्रण एका जावयाला दिले तरी त्याचे सारे घर यावे, तशी त्याला लागणारी इतर सामग्रीही सोबत आणतो.

त्या दिवशी इंकस्केप हे चित्र आखण्याचे सॉफ्टवेअर बसत होते. समोर नाटक मंडळीचे व्यवस्थापक बापूजी बसले होते. दिवाळीनंतरच्या मंडईत त्यांचे नाटक होते आणि पोस्टर चिकटवणारी गाडी संध्याकाळी निघणार होती. पोस्टर झाले नाही तर त्या नाटकाचेच नव्हे, साऱ्या हंगामाचे काम नागपूरला जाणार, असे त्यांनी आल्याआल्याच बजावले होते. वच्छलाबाईंचे दुकान वर्षभर चालते ते याच हंगामाच्या आधारावर.

वीज गेली तेव्हा संगणकाच्या निकामी बॅटरीने एक क्षणही साथ दिली नाही आणि काम मध्येच तुटले. वीज परतली तेव्हा इंकस्केप उघडेना, आणि मोबाईलचे नेटही नाहीसे झाले होते.

"पाह्यलं काय बाई? फुकटाच्या मशीनीवर माह्या नाटकाचं पोस्टर!" बापूजी म्हणाले. त्यांनी लगेच ओळखीच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला. पलीकडून उत्तर आले, "फॉर्मॅट मारा. दुसरा इलाज नाई."

फॉर्मॅट मारला असता, म्हणजे संगणकातील सारे पुसले असते, तर पोस्टरवर टाकायची कलावंतांची छायाचित्रेही गेली असती. ती केवळ याच संगणकात होती, आणि कलावंत तर तालमी आटोपून धान कापायला आपापल्या गावी पांगले होते.

"मारू का?" बापूजींनी विचारले.

"हात लावून तं पाहा भाऊ!" वच्छलाबाई कडाडल्या. "माह्या बापानं फाटकं जाळं कधी फेकलं नाई. कुठवर साबूत हाय, ते पहिले हातानं चाचपे."

त्यांनी सॉफ्टवेअर बसवण्याची आज्ञा पुन्हा दिली. पडद्यावर इंग्रजीत एक लांबलचक सूचना उमटली.

"घ्या! शिव्या देऊन राह्यलं," बापूजी म्हणाले.

"शिव्या नाई, रस्ता सांगून राह्यलं. तुमी वाचतच नाई, म्हणून तुमाले शिव्या वाटते." त्यांनी बोट ठेवून सूचना वाचली. काम मध्येच तुटले आहे, पुढील आज्ञा स्वतः द्या, असे तिच्यात स्पष्ट लिहिले होते. आज्ञाही सोबत दिलेली होती. आपल्याकडे सूचना वाचण्याआधी माणसे फोन लावतात, आणि फोनवरचा माणूस सारे पुसून टाकायला सांगतो. वच्छलाबाईंनी आज्ञा अक्षर न् अक्षर टंकली. मग पासवर्ड.

"बाई, काहीच उमटून नाई राह्यलं!"

"पासवर्ड हाय भाऊ. तुमाले दाखवाले नाई."

"पण नेट तं गेलं ना? सामान येईन कुठून?"

"सामान कवाच आलं. लाईन गेली तवा मांडणं राह्यलं होतं."

आणि ओळी धावू लागल्या. एकेक पॅकेज आपल्या जागी बसत गेले. बापूजींनी खुर्ची पुढे ओढली. मीही माझी तक्रार विसरून उभा राहिलो. ओळी थांबल्या. वच्छलाबाईंनी इंकस्केपवर टिचकी मारली आणि कोरा पांढरा कागद पडदाभर उघडला.

"आता बोला," त्या म्हणाल्या. "खलनायकाच्या मिशा केवढ्या पायजे?"

पोस्टर गाडीच्या आधी तयार झाले. मंडईच्या दिवशी मी ते पाहिले. बसथांब्यावर, पानठेल्यावर, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर त्या मिशा डौलाने मिरवत होत्या, आणि खालच्या कोपऱ्यात वच्छलाबाईंचे नाव नायिकेच्या नावाइतकेच ठळक होते. बापूजींनी त्यावर आक्षेप घेतल्याचे ऐकिवात नाही. हंगामाचे काम पोंभुर्ण्यातच राहिले.

परवा बापूजी पुन्हा दुकानात दिसले. या वेळी मंडळीचा स्वतःचा संगणक काखेत मारून आले होते.

"याच्यात पण तेच फुकटाचं टाकून दे बाई."

वच्छलाबाईंनी मान वर केली नाही. "ठेवा तिथी. नंबर लागला की पाहीन. अन् तवरक दुरुस्तीवाल्याले फोन नोका लावू."

माझी तक्रार मात्र अजून टंकायची राहिली आहे. माझाही नंबर बापूजींच्या मागेच आहे.