पाठ असलेलं पत्रक

पाठ असलेली गोष्ट तुम्ही शेवटची नीट कधी पाहिली? आज मिलिमीटर-लहरींची दुर्बीण पारखण्यासाठी आम्ही आकाशातले ओळखीचे स्रोत निवडत होतो. सहकारी म्हणाला, “याचं तेज पाठ आहे, कशाला मोजायचं?” आणि मला अकोल्यातलं चष्म्याचं दुकान आठवलं.

मी लहान असताना आईबाबांसोबत तिथे बाबांचा नवा चष्मा आणायला गेले होते; दुसऱ्या दिवशी त्यांना सभेत नवं पत्रक वाचायचं होतं. नवा चष्मा लावून त्यांनी खिशातलं जुनं पत्रक धडाधड वाचलं. “एकदम साफ दिसून राहिलं!”

“कागद उलटा धरला ना जी तुमी!” आई म्हणाली.

तिने नवं पत्रक हातात दिलं. बाबा पहिल्याच शब्दाला अडले, आणि दुकानदाराला काच बदलावी लागली.

तेव्हा मी नुसती हसले. आज मात्र तो स्रोत पुन्हा मोजायला लावला, कारण त्याचं तेज बदलत असतं. तुमचं सगळ्यात पाठ असलेलं मत आज आईसारख्या कुणासमोर वाचून दाखवा.