सरकारी माणूस

"आपले खापरपणजोबा सरकारी माणूस होते," असं आजी सांगायची, म्हणून टास्मानियात मी जन्मभर तोऱ्यात वावरले. शेजारची मर्ल पडली मेंढीचोराच्या वंशातली, तिच्याशी मी बेतानंच बोलायचे.

वाचनालयात आम्ही म्हातारी माणसं जमून एकमेकांचे पूर्वज शोधतो. मी ऐटीत खापरपणजोबांचं नाव दिलं. मर्लनं जुनी नोंद काढली आणि ती हसतच सुटली.

"अगं आयव्ही, तेव्हा कैद्यालाच सरकारी माणूस म्हणायचे! चीजचे दोन गोळे चोरले म्हणून सात वर्षं काळं पाणी, जहाजात घालून इथंच धाडलं."

"निदान मेंढी तरी नव्हती!"

"मेंढी उचलायला अंगात जोर लागतो, बाई! आमच्या म्हाताऱ्याला चौदा वर्षं दिली होती."

सगळे तिच्याकडे कौतुकानं बघायला लागले. मला आमची सातच असल्याची लाज वाटली.