नायकिणीचा घास

मी चार इयत्ता शिकले होते आणि अख्ख्या सोलापुरात माझ्याएवढी शहाणी दुसरी नाही, अशी माझी खात्री होती. गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात आम्ही वीसपंचवीस बायका आणि आमच्यावर देखरेखीला एक म्हातारी नायकीण, म्हणजे बायकांची मुकादम. दुपारचा भोंगा झाला की ती प्रत्येकीच्या फडक्यातला भाकरीचा तुकडा न विचारता उचलायची, चघळायची.

"पीठ उसनं आणलंस व्हय गं?"

"आज भाकरी दुसऱ्याच हाताची. तुला बरं न्हाय का?"

मग संध्याकाळच्या आत कुणाला लवकर सुट्टी मिळायची, कुणाच्या घरी जोंधळे पोचायचे. कसे, ते कुणी विचारत नसे.

त्या वर्षी गिरणी सुधारायला एक तरुण साहेब आले, विलायतेत मनाचं शास्त्र शिकलेले. नायकिणी कामावर ठेवायचे पैसे, म्हणजे दस्तुरी, बायकांकडून खातात, हे त्यांनी ऐकलं होतंच. म्हातारीचा घास त्यांना दस्तुरीच वाटला.

"माणसाच्या मनाच्या तळाशी आईच्या दोन मूर्ती असतात," त्यांनी मला समजावलं. "एक भरवणारी, एक गिळणारी. या खात्यावर गिळणारी बसली आहे. भरवणारी बसवली की बायका आपोआप बदलतील."

भरवणारी कोण? तर मी! माझी वेणी अजून आई घालून द्यायची.

म्हातारीला घरी बसवलं. मी तिच्या स्टुलावर बसले. रुपयाएवढं कुंकू, आवाज मुद्दाम जाड, हातात साहेबांच्या खर्चाचे शेंगदाण्याचे लाडू.

"आली गं बया, लाडवाची आई! आई, अंगाई कदी म्हन्तीस?"

खातं हसून लोळलं. लाडू मात्र सगळ्यांनी खाल्ले. हळूहळू बायका भिंतीकडं तोंड करून जेवायला लागल्या. कुणाच्या घरी काय चाललंय, कुणाला पत्ता नसे. साहेब म्हणाले, थोडा धीर धर, मन बदलायला वेळ लागतो.

त्याच सुमारास माझ्या आईनं अंथरूण धरलं. भाकऱ्या मी थापू लागले, एका बाजूनं कच्च्या, दुसऱ्या बाजूनं करपलेल्या. ती चव ओळखणारं खात्यात कुणी उरलं नव्हतं. लाडवाच्या आईला कोण विचारणार, बाई तुझ्या घरी काय झालंय?

एका सुट्टीच्या दिवशी माझी भाकरी फडक्यात बांधून मी म्हातारीकडं गेले. तिनं घोंगडी अंथरली, गरम भाकरी वाढली, वर गूळतूप. मी फडकं सोडून तिच्यापुढं सरकवलं.

"घ्या की, मावशी."

"नगं माय. पाव्हण्याचं कोन खातंय?"

रागानं नाही, अगदी मायेनं म्हणाली. फडक्याची गाठ तिनंच परत बांधली आणि मला आणखी अर्धी भाकरी वाढली.

परत येताना रस्त्याच्या कडेला थांबून मी गाठ सोडली. तिच्यासारखाच एक तुकडा मोडला, तिच्यासारखाच डोळे मिटून चघळला. मीठ नव्हतं. मला एवढंच कळलं. पुढचं तिनं सांगायचं होतं.