बाण दाखवेल तिकडे

माझ्या मेहुण्यांएवढा उपग्रहांवर विश्वास टाकणारा माणूस खुद्द उपग्रह सोडणाऱ्यांतही सापडायचा नाही. खडकीच्या क्वार्टर्समध्ये वाढलेले हे गृहस्थ सॉफ्टवेअर कंपनीत लागले, कोथरूडला राहायला आले, कंपनीने त्यांना अमेरिकेला धाडलं, आणि बाकीचे चॉकलेटं आणतात तिथे हे हातात मावणारं जीपीएस यंत्र घेऊन परतले. मोबाइलमध्ये तेव्हा नकाशे नव्हते. मग काय, कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला निघाले तरी यंत्र गळ्यात. विश्रांतवाडीला मावशीकडे जेवायला बसलो, की समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आपण वरण-भात खातोय ते सांगायचे. एकदा पुलाजवळच्या रस्त्यावर उभे असताना यंत्राने आम्हाला नदीत दाखवलं, तर त्यांनी चक्क वाकून स्वतःचे बूट पाहिले! "एवढा फरक चालायचाच," म्हणाले. माझी थोरली बहीण, म्हणजे ताई, हा संसार हसत सोसत होती.

एका रविवारी आम्ही तिघं मावळातल्या एका किल्ल्यावर गेलो. उतरताना असं धुकं दाटलं की पुढचा माणूस दिसेना. गाडी लावली ती जागा मेहुण्यांनी यंत्रात नोंदवली होती. पडद्यावरचा बाण सरळ समोर.

"अहो, येताना आपण डावीकडून आलो," ताई म्हणाली.

"तुझा अंदाज आहे, हे गणित आहे," म्हणत ते निघालेच. त्यांच्या बुटाखालचा दगड सुटला आणि पडल्याचा आवाज काही केल्या येईना. ताईने मागून त्यांची सॅक दोन्ही हातांनी धरली आणि मटकन खाली बसली, तिच्याबरोबर तेही.

"गाडी तिकडेच आहे गं," ते पुटपुटले.

"असेल. आपण पक्षी आहोत का?"

यंत्र बंद करून त्यांनी धुक्यात हाक घातली, "अहो, कुणी आहे का?"

"हाय की!" मागून, शेळ्यांच्या बें-बेंमधून, एका बाईचा आवाज आला. "तिकडं कडा हाय, मागं फिरा!"

त्या आवाजाच्या रोखाने आम्ही वाटेला लागलो. गाडीपाशी मेहुणे बराच वेळ किल्ली शोधत राहिले. शेवटी ताईने ती त्यांच्याच खिशातून काढून दिली.

"चुकलं माझं," ते म्हणाले. पुणेकराच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

आता ताईचे गुडघे गेलेत, त्यामुळे मेहुण्यांचेही डोंगर सुटले. संध्याकाळी दोघं गल्लीच्या टोकापर्यंत जातात, तिच्या चालीने. परवा त्यांच्या गच्चीतून पाहिलं, तर कोपऱ्यावर थांबून कुठे वळायचं यावर त्यांचा वाद रंगला होता. वाद मिटला नसावा. तिथल्याच बाकावर दोघं अंधार पडेपर्यंत बसून राहिले.