अक्कांनी दिलेली चिठ्ठी

कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला आमच्या शेजारी जाफन्याच्या एक तमिळ बाई राहायच्या. मी त्यांना अक्का म्हणायचे. तेव्हा श्रीलंकेतलं युद्ध संपत आलं होतं आणि त्यांचा धाकटा भाऊ, साधा शाळामास्तर, तमिळ बंडखोरांच्या हातात उरलेल्या किनाऱ्यावरच्या शेवटच्या पट्ट्यात अडकला होता. परदेशात सुखरूप बसलेले तमिळ पुढारी सुटकेचं रोज नवं आश्वासन देत होते.

एका शनिवारी सकाळी अक्का चिठ्ठी घेऊन दारात उभ्या. "तो दोन दिवसांत पांढरं फडकं घेऊन सैन्याकडे जाणार आहे," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "तू सिंहली विहारात जातेस ना? सैन्य सिंहलींचंच, तिथल्या कुणाचं तरी माणूस त्यात असेल. हे नाव पोचव. तो लढणारा नाही, एवढंच सांग."

मी नागपूरची, बौद्ध. विहार कुणाचा, याचा मी कधी विचारच केला नव्हता. आत बुद्ध होता, मला तेवढं पुरे होतं. चिठ्ठी हातात घेतली आणि भीतीच वाटली. नाव दिल्यामुळेच तो हेरला गेला तर?

"यार, तू यात पडू नकोस," नवरा म्हणाला. "आपलं ग्रीन कार्ड पेंडिंग आहे."

रविवारी विहारात दूधभात वाटत होते. युद्ध जिंकत आल्याचा आनंद. मला दर आठवड्याला डबा भरून देणाऱ्या काकूंनीच हसत माझ्या हातात ताटली ठेवली. त्यांचा भाचा सैन्यात आहे, हे मला ठाऊक होतं. एरवी मीटिंगमध्ये भल्याभल्यांना गप्प करणारी मी, पण त्या दिवशी चिठ्ठी पर्समधून काढलीच नाही. मी दूधभात खाल्ला, छान झालाय म्हटलं आणि शेपूट घालून निघाले.

अक्का अंगणातच वाट बघत होत्या.

"सांगितलं," मी म्हणाले.

त्यांनी माझे दोन्ही हात घट्ट धरले.

भाऊ सैन्याच्या दिशेने निघाला, एवढंच पुढे कळलं. मग काहीच नाही. कुठल्याच यादीत त्याचं नाव आलं नाही. कितीतरी महिने दारावरची बेल वाजली की मी दचकायचे. विहारात जाणं सोडलं. ग्रीन कार्ड मात्र आलं.

गेल्या वर्षी अक्का चहाला आल्या होत्या. कप तसाच ठेवून म्हणाल्या, "एक विचारू? चिठ्ठीत मी त्याचं वय लिहिलं नव्हतं. लिहायला हवं होतं का गं?"

"नाही हो, अक्का," मी म्हणाले. चिठ्ठी आतल्या कपाटात, आमच्या पासपोर्टांखाली होती.