परीक्षेच्या वेळचं गाऱ्हाणं

दत्तप्रसाद तेरसे कुडाळला एका खाजगी कंपनीत खरेदीची बिलं चढवण्याचं काम करी. वय सेहेचाळीस. लग्न राहून गेलं ते गेलंच. घरात तो आणि वडील, परशुराम आबा. चैत्रात आबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही. एखादा शब्द कसाबसा बाहेर पडे, पुढचा घशातच अडे. वाडीत कुठलंही नवं काम सुरू होताना देवापुढे उभं राहून त्याचा आशीर्वाद मागणारं गाऱ्हाणं घालायचे ते आबाच, आणि त्याच आबांची ही गत.

पावसाळ्यात कंपनीने कुडाळचं कामकाज पुण्याला हलवायचं ठरवलं. बिलं चढवण्याचं काम यापुढे संगणकातले रोबोट करणार होते. त्यांच्यावर देखरेखीची एकच जागा घरी बसून करण्यासारखी होती. त्या रोबोटांच्या सॉफ्टवेअरची प्रमाणपत्र परीक्षा महिनाअखेर जो पास होईल, त्याला ती मिळणार. बाकीच्यांनी पुणं गाठून तिथे मिळेल ते काम करायचं. तिथल्या भाड्याच्या खोलीत आबांना एकटं ठेवून कामावर जाणं शक्य नव्हतं. पास झालो तर आबांजवळ राहता येईल, एवढाच दत्तप्रसादचा हिशेब होता.

पहाटे आबांचं अंग पुसून, पेज भरवून तो सरावासाठी लॅपटॉप उघडी. मेलमधून बिल उचलायचं, रक्कम वाचायची, तक्त्यात भरायची, हे रोबोटाला लवकर जमलं. बिलावर तारीखच नसेल तर थांबून माणसाला विचारायचं, हे शिकवताना मात्र त्याच्या नाकी नऊ आले.

"आबा, माझा काम आता ह्यो करतलो."

आबांनी भुवई उंचावली. "तू?"

"तो खंय चुकता ता बघतलंय."

आबा बराच वेळ शब्द शोधत राहिले. "मुकादम!"

वालावलहून मदतीला आलेली मोठी बहीण सुगंधा चुलीपुढून हसली. "बघ रे दत्ता! जीभ जड झाली, तरी टोमणो मारूची खोड काय जाणा नाय!"

परीक्षा घरूनच, कॅमेऱ्यासमोर द्यायची होती. खोलीत दुसरं कुणी नको, आवाज नको, खुर्ची सोडायची नाही. दत्तप्रसादने भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, दार लावलं, सुगंधाला बजावलं. आज परीक्षा आहे हे आबांना ठाऊक होतं, पण त्यांनाही बजावायचं त्याच्या मनात आलं नाही. ज्याला बोलताच येत नाही त्याला गप्प बस काय सांगायचं?

अर्धा पेपर झाला असेल. ओटीवरून आवाज आला, "बा देवा... म्हाराजा..."

दत्तप्रसादचा हात जागीच थांबला. आवाज अडखळत सुरू झाला आणि मग मोकळा वाहू लागला. "आज ह्या माझ्या झिलान नव्या कामाक हात घातल्यान हा. तेची वाट मोकळी कर. खंय चुकलो तर पोटात घाल रे म्हाराजा..."

"होय म्हाराजा!" सवयीने सुगंधाच्या तोंडून निघून गेलं. ती रडत होती.

स्क्रीनवर सूचना झळकली. पाठोपाठ परीक्षकाने बजावलं, बाहेरचा आवाज लगेच बंद करा, नाहीतर परीक्षा रद्द होईल. हाक मारायची मुभाही दिली. एक हाक पुरे होती. दत्तप्रसादने तोंड उघडलं. पण आबा आता घराण्यातल्या गेलेल्या माणसांची नावं घेत होते, आणि त्यात आईचं नाव आलं. यशोदा. झटका आल्यापासून ते त्यांच्या तोंडी आलं नव्हतं.

त्याने तोंड मिटलं. गाऱ्हाणं पुरं झालं तेव्हा स्क्रीनवरचे प्रश्न गेले होते.

तो बाहेर आला. सुगंधाच्या खांद्यावर भार टाकून आबा उभे होते. चेहरा घामाने आणि आनंदाने चमकत होता.

"पास?"

"होय, आबा."

डॉक्टर म्हणाले, जन्मभर पाठ असलेलं असं कधीकधी बाहेर पडतं, त्यावरून वाचा परतली असं समजू नका. दुसऱ्या दिवशी पाणी मागतानाही आबांचा शब्द अडला. पुन्हा परीक्षेला बसायची परवानगी आली, तोवर ती जागा दुसऱ्याला मिळाली होती.

"एक हाक मारूक काय झाला होता तुका?" सुगंधाने विचारलं. मग तिनेच पदराने डोळे पुसले. "आणि मी मेल्येन होय म्हटलंय."

दत्तप्रसादने काढून ठेवलेलं कॅलेंडर पुन्हा भिंतीवर अडकवलं.

आबांना वालावलला सुगंधाकडे ठेवायचं ठरलं. दत्तप्रसाद पुण्याला निघायच्या दिवशी आबांनी डाव्या हाताने त्याची बाही धरली. पास झालेला मुलगा घर सोडून का जातो, हे काही त्यांना उमजत नव्हतं.

"कदी?"

शहरात नोकरी करून सणालाच घरी येणारा चाकरमानी कधी न झालेला दत्तप्रसाद म्हणाला, "गणपतीक येतंय, आबा."

गणपती नुकतेच पोचवून झाले होते, पुढचे यायला वर्ष होतं. आबांनी बाही सोडली नाही. शेवटी सुगंधाने त्यांचं एकेक बोट सोडवलं.