इवायांचा पियानो

अख्ख्या मराठवाड्यात पियानो वाजवणाऱ्याला नापास करायचा अधिकार फक्त एका माणसाला आहे, आणि तो माणूस माझा इवाई आहे. इवाई म्हणजे माझ्या थोरल्या लेकीचे सासरे. लातुरात त्यांचं डाळ-तेलाचं दुकान, आता पोराच्या हाती दिलेलं. स्वतः इवायांनी उभ्या जन्मात पियानोला बोट लावलेलं नाही. पण जगातल्या कुठल्याही देशातला, कितीही नावाजलेला वाजवणारा असो, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून, टोपी मांडीवर ठेवून, डोळे मिटून इवाई त्याला ऐकणार आणि शेवटी एकच निकाल देणार, "हात तयार हाय पोराचा. पन घाई लई करून राहिला." मी चौथीपर्यंत शिकलेला, अर्धापूरला केळीत जन्म घालवलेला माणूस. मला कुणी अडाणी म्हटलेलं खपत नाही आणि आमच्या इवायांना कुणी येडं म्हटलेलं तर त्याहून खपत नाही. ते मी म्हणेन. दुसऱ्यानं म्हणू नये.

हे खूळ आलं कुठून ते सांगतो. फार वर्षांमागं इवायांनी हैदराबादहून टेपरेकॉर्डर आणला, तेव्हा दुकानदारानं त्यावर एक कॅसेट फुकट दिली. तिच्यात नुसता पियानो. गाणं नाही, शब्द नाही. घरातल्या सगळ्यांनी ती बाजूला टाकली, पण ईनबाईंना, म्हणजे इवायांच्या मंडळींना, ती भावली. देवापुढं दिवा लागला की त्या ती कॅसेट लावायच्या आणि त्याच वेळी इवाई दुकानातून जेवणाच्या आधी हातपाय धुवायला घरी यायचे. दोघं ओसरीत बसून ऐकायचे. बोलायचे नाहीत. मी लेकीकडं गेलो की मलाही बसावं लागायचं. मुलीच्या बापानं इवायाच्या घरी काय आवडतं नि काय नाही हे बोलून दाखवायचं नसतं. ईनबाई गेल्या, आणि त्याच सुमारास कॅसेटची फीत गुंतून तुटली. इवाई त्यानंतर ती चीज नुसती गुणगुणत राहिले.

मग मोबाइल आले. माझ्या लेकीनं कुठंतरी वाचलं, की फोनपुढं गुणगुणलं की फोन गाणं ओळखून देतो. इवाई फोनपुढं पाटावर बसले, घसा खाकरला आणि गुणगुणले. फोन गप्प. पुन्हा गुणगुणले. फोन म्हणतो, सापडत नाही. शेवटी लेकीनंच तीच चाल जरा भरभर गुणगुणली, तर फोननं लगेच ओळख दिली. कुण्या परदेशी माणसानं दीड-दोनशे वर्षांमागं बांधलेली रात्रीच्या वेळेची चीज, नॉक्टर्न म्हणतात तिला. इवायांनी फोनकडं रागानं पाहिलं. "ह्यो बी घाईचाच," म्हणाले.

तेव्हापासून त्यांची परीक्षा सुरू झाली. ती एक चीज जगात ज्यानं ज्यानं वाजवलीय त्या सगळ्यांना ते रोज दिवेलागणीला बोलावायचे. फोनला धक्का लागू नये म्हणून खाली पंच्याची घडी. ऐकताना चहा नाही, पान नाही, आणि मधेच कुणाचा फोन आला तर कुणी मेलंय का विचारून बंद करायचे. वाजवणाऱ्यांची नावं त्यांना घेता यायची नाहीत, म्हणून त्यांनी आपली नावं ठेवलेली. एक टकल्या, एक केस उडवणारा, एक माहेरी निघाल्यागत वाजवणारी बाई. मी गेलो की आमची जुंपायची. मला केस उडवणारा आवडायचा. मी म्हणायचो, "इवाई, ह्याच्या हातात जोर हाय. पाणी कसं पाटातून पळावं तसं पळतंय."

"पळायला काय कुत्रं मागं लागलंय का?" इवाई म्हणायचे. "रातची चीज हाय ती, इवाई. रातीला कुटं जायचं असतंय? अंग टाकायचं असतंय."

"आवं, पन इतकं हळू वाजवलं तर ऐकणारा घोरंल."

"घोरू द्या की. त्येच्यासाठीच बांधलीय ती."

एकदा ह्यांनी माझी मान पार खाली घालायला लावली. माझ्या पुतण्याचं लग्न, वरात दारात आलेली, उन्हानं माणसं कावलेली, आणि बँडमधला कॅसिओवाला पोरगा एका सिनेमाच्या गाण्यात रंगलेला. इवाई मुलाकडचे पाहुणे, मानाचे. ते सरळ बँडच्या मधोमध गेले आणि त्या पोराच्या मनगटावर हात ठेवला. "धीर धर बाबा. एक सूर मरू दे, मग दुसरा घे." पोरगं घाबरलं आणि एक एक पट्टी दाबत बसलं. ढोलवाल्याला कळेना ठोका कुठं द्यायचा. नाचणारी पोरं पाय उचलून थांबली. नवरदेव घोड्यावर घामानं निथळतोय आणि अख्खी वरात मांडवाच्या पंधरा पावलांवर जागच्या जागी मेलेली. आचारी पळीसकट बाहेर बघायला आला. "कुनाचे पाव्हणे हो हे?" कुणी विचारलं, आणि मला आंब्याच्या झाडामागं काम निघालं.

आता माझ्या मनातली एक गोष्ट. मी बागेतल्या पाण्याच्या मोटारींवर आयुष्य काढलेला माणूस. व्होल्टेज पडलं की मोटार कशी कण्हते, फिरायची फिरते पण दम खात फिरते, ते मला झोपेत कळतं. इवायांच्या ओसरीत तो टेप पहिल्यांदा ऐकला तेव्हाच मला समजलं होतं. दिवेलागणीला सगळं लातूर एकदम बटणं दाबायचं, बल्ब काजव्यासारखे व्हायचे आणि त्या टेपची मोटार रडतखडत चालायची. चीज हळू नव्हतीच. वीज कमी होती. ईनबाई तीच वेळ धरून कॅसेट लावायच्या, म्हणून ह्या दोघांनी ती कधी दुसऱ्या चालीत ऐकलीच नाही. दुपारी एकदा लावली असती तर सगळा खुलासा झाला असता. पण दुपारी गाणं लावायला त्या काय रिकाम्या होत्या? मी हे कुणाला बोललो नाही. घरी बायकोलाही नाही.

गेल्या हिवाळ्यात लातुरात एका शिकवणीवाल्यांनी नवीन सभागृह बांधलं आणि उद्घाटनाला परदेशात शिकून आलेल्या एका मोठ्या पियानोवाल्याला बोलावलं. पियानो पुण्याहून ट्रकमधून आला. तीच चीज वाजवणार असं छापलं होतं. इवायांनी मला फोन केला. "इवाई, या. आता समोरासमोर बघू." मी कडक इस्त्रीचं धोतर नेसून गेलो. सभागृह भरलेलं, डॉक्टर, प्राध्यापक, वकील, मागं शिकवणीची पोरं. गृहस्थानं वाजवलं मात्र असं, की मी माझा केस उडवणारा विसरून गेलो. माझ्यासारख्या माणसाच्या अंगावर काटा आला. मी शेजारी पाहिलं. इवाई डोळे मिटून मान हलवत होते. आडवी.

झाल्यावर श्रोत्यांनी बोलावं असं ठरलं होतं. एक दातांचे डॉक्टर उठले आणि म्हणाले, "लय फारच ओढलीत तुम्ही. लिहिलंय तसं वाजवायला हवं होतं, हा अतिभावुकपणा झाला." लगेच संगीत शिकवणाऱ्या एक बाई उठल्या. "त्या काळातलं संगीत असंच श्वास घेत जातं, डॉक्टर. ते काय दात मोजणं आहे?" लोक हसले. डॉक्टर चिडले. दोघांची चांगली लागली, मधे एक वकीलसाहेब पडले, आणि वाजवणारा बिचारा गालावर हात ठेवून बघत बसला. तेवढ्यात आमच्या इवायांनी माइक मागून घेतला.

"साहेब, हात तयार हाय तुमचा," ते म्हणाले. "पन घाई लई करून राहिले."

सभागृहात खसखस पिकली. डॉक्टर म्हणतायत हळू, हे म्हणतायत घाई. पण पियानोवाला सरळ माणूस होता. त्यानं विचारलं, "काका, तुम्ही कुणाचं ऐकलंय?"

"घरचं."

"घरचं म्हणजे?"

"मंडळी लावायची आमची. दिवे लागले की."

मागं पोरं फिसफिसली. पियानोवाला म्हणाला, "मला कळू तरी द्या, किती हळू? गुणगुणून दाखवता?" आणि इवाई, भर सभेत, डोळे मिटून गुणगुणायला लागले. मग कुणीतरी मागून म्हणालं, "आजोबांची बॅटरी उतरली," आणि सभागृह हसायला लागलं. दातांचे डॉक्टर हसले, बाई रुमालात हसल्या. इवायांना ऐकूच येत नव्हतं. ते त्यांच्या ओसरीत होते. लोक त्यांच्याकडं बघत होते, मग माझ्याकडं, माझ्या इस्त्रीच्या धोतराकडं. मला वाटलं, आता आम्ही दोन खेडवळ म्हातारे म्हणून लातुरात गाजणार. मी त्यांच्या हातातून माइक घेतला.

"ऐका मंडळी," मी म्हणालो, "ह्यात यांचा दोष न्हाई. यांच्या टेपचा हाय. सांजच्याला व्होल्टेज पडायचं, मोटार दम खायची, म्हणून कॅसेट हळू चालायची. चीज बराबरच हाय. यांनी जन्मभर कमी विजेची ऐकलीय."

काय हशा झाला! आणि टाळ्या. माझ्यासाठी टाळ्या. डॉक्टरांनी तर मागं वळून मला हात केला. खोटं कशाला लिहू, तेवढा एक क्षण मला बरं वाटलं. चौथी शिकलेल्या माणसानं सगळ्या शिकलेल्यांचा वाद मिटवला होता. मग मी शेजारी पाहिलं. इवाई खाली बसले होते. टोपी त्यांनी डोक्यावर घातली होती, ती परत काढली, परत घातली.

"आसं व्हय," म्हणाले.

घरी जेवायला वाढलं तर इवाई माझ्या ताटात तूप आधी वाढा म्हणाले, मान सोडला नाही त्यांनी. पोरीच्या सासऱ्याला भरल्या सभेत उघडं पाडणारा बाप आमच्या सात पिढ्यांत झाला नसेल. जावई सभागृहात मागंच बसले होते, त्यांच्याकडून लेकीला सगळं कळलं होतं. सकाळी मला बस धरायची होती, तेव्हा ती चुलीपुढं पाठमोरीच म्हणाली, "आप्पा, तुमी मोटारी लई दुरुस्त केल्या. आता ही कशी करता ते बघते मी."

महिनाभरानं परत गेलो. दिवेलागण झाली. देवापुढं दिवा लागला, पण ओसरीत आवाज नाही. इवाई बसले होते, फोन पालथा पडलेला. मी लेकीला बाजूला घेतलं. ती म्हणाली, फोनमध्ये चाल हळू करायची सोय असते. आम्ही दोघांनी मिळून ती जमवली, थोडी जास्त, थोडी कमी, जुन्या ओसरीतल्यासारखी होईपर्यंत. मग मी पंच्याची घडी करून फोन इवायांपुढं ठेवला आणि चीज लावली. तीच ती, दम खात जाणारी. माझ्या डोळ्यांपुढं ईनबाईंचा पदर आला. इवाई ऐकत राहिले. अर्ध्यात त्यांनी हात वर केला.

"ऱ्हाऊ द्या, इवाई. आता मला मोटारच ऐकू येतीय."

राग नव्हता आवाजात. राग असता तर मला जमलं असतं, रागाला मी भिणारा नाही. मी तसाच उठलो, पिशवी घेतली. नको नको म्हणताना ते रीतीप्रमाणं मला स्टँडवर सोडायला आले. वाटेत कांद्याच्या भावावर बोललो, पावसावर बोललो. नांदेडची गाडी लागली होती. मी खिडकीत बसलो, ते खाली उभे राहिले. कंडक्टरनं बेल मारली तेव्हा त्यांनी विचारलं, "इवाई, ते व्होल्टेजचं तुमाला कवाधरनं ठावं हुतं?"

"पहिल्या दिवसापास्नं."

"मग इतकी वर्सं बोलले कामून न्हाईत?"

गाडी हलली. माझ्यासारख्या माणसाला असलं बोलता येत नाही, ते तोंडातून निघत नाही. पण गाडी वळण घ्यायला लागली होती, म्हणून मी खिडकीतून अर्धा बाहेर आलो आणि ओरडलो, "ऐकताना तुमी दोघं लई चांगले दिसायचे, इवाई!"

सगळी गाडी माझ्याकडं बघायला लागली. समोरच्या बाईनं लेकराला जवळ ओढलं. खाली इवायांनी टोपी काढून हातात घेतली होती, आणि दुसऱ्या हातानं ते मला आत बसा, आत बसा म्हणून खुणावत होते.